माह्याकडे तर उघडते

निरंजन माझा धाकटा भाऊ, आणि त्याला स्वतःची चूक दिसत नाही हे तो शाळेत होता तेव्हापासून मी सांगत आले आहे. कोणी ऐकलं नाही. आमची आई म्हणायची, पद्मिनी, तू त्याच्या मागेच का लागतेस, हुशार आहे पोट्टा. हुशार होताच. पण हुशार माणसाची चूक सापडायला फार वेळ लागतो, कारण ती शोधायचं कामही लोक त्यालाच देतात.

आम्ही खिरवडकर रायपूरचे जुने. भोसल्यांच्या काळात आमचा कोणी पूर्वज कारकुनीला इकडे आला आणि परत जायचं राहून गेलं. आता चौबे कॉलनीत घर आहे. खाली निरंजन आणि त्याची बायको शर्मिष्ठा, वर मी. मी बँकेतून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं मला चालत नाही. निरंजन एका खासगी कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. रविवारी कोणाचं वायफाय, कोणाचा प्रिंटर फुकटात नीट करून देतो आणि चहा पिताना त्या घरच्यांना दोन शहाणपणाच्या गोष्टी ऐकवून येतो. लोक म्हणतात, देवमाणूस. मी म्हणते, देव इतकं बोलत नाही.

मराठी मंडळाची साइट त्यानंच बनवली आणि तोच सांभाळतो. साइट ज्या सर्व्हरवर आहे तो भाड्याचा, दूरच्या शहरात कोणाच्या तरी इमारतीत ठेवलेला. पण निरंजन त्याच्याबद्दल परसात बांधलेल्या गाईसारखा बोलतो. साइटवर कार्यक्रमांचे फोटो आहेत, ते कोणी पाहत नाही. लोक येतात ते गुरुजींसाठी.

रायपुरात पंडितांना तोटा नाही, पण आपल्या पद्धतीनं श्राद्ध सांगणारे दोनच उरले होते, आणि त्यातल्या एकांचे गुडघे गेले. राहिले अच्युतशास्त्री. पूर्वी त्यांना फोन केला की झालं. मग एकदा एकाच तिथीला दोन घरी स्वयंपाक होऊन बसला, शास्त्रीबुवा एकाच घरी पोचले, आणि मंडळाच्या सभेत दोन सभ्य कुटुंबांनी एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढली. तेव्हा निरंजन उभा राहिला. म्हणाला, आता नोंद साइटवरच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी पुढच्या महिन्याच्या तारखा खुल्या होतील, सभासदानं आपल्या फोनवरून धरायची, जो आधी त्याची तारीख. फोन नाही, चिठ्ठी नाही, वशिला नाही. टाळ्या पडल्या. शास्त्रीबुवांनाही त्यानं बजावलं की साइटवर नाव नसेल त्या घरी जायचं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. नियम चांगलाच होता.

थोड्या दिवसांनी कुरकुर सुरू झाली. साइट उघडते, कधी उघडत नाही. नुसतं गोल फिरत राहतं आणि मग लिहून येतं की सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही. तासाभरानं पाहावं तर सुरळीत. असा बिघाड फार वाईट. साइट कायमची बंद पडली तर कोणीतरी दुरुस्त करतं. अधूनमधून बंद पडली तर तक्रार करणाराच खोटा पडतो. तक्रार आली की निरंजन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, साइट चटकन समोर यायची, आणि तो फोनवर सांगायचा, “माह्याकडे तर उघडते. तुमचं नेट पाहा.” दोनदा त्यानं सर्व्हरवाल्यांनाही विचारलं. ते म्हणाले, सर्व्हर ठणठणीत आहे. झालं. सर्व्हर ठणठणीत, निरंजनचा लॅपटॉप ठणठणीत, म्हणजे बिघाड बूढापारा या जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांत.

त्या म्हाताऱ्यांत कुसुमकाकू होत्या. त्यांचे यजमान पांडुरंगकाका रेल्वेत होते, वर्धेकडून बदली होऊन आले आणि बूढापाऱ्यात तळ्याजवळ लहानसं घर बांधून इथलेच झाले. काकू आमच्या भजनी मंडळात पुढच्या रांगेत बसतात. आम्ही बाकीच्या वही उघडून गातो, त्यांना वही लागत नाही. कोणतं भजन गेल्या साली कोणाच्या घरी कोणी बेसूर केलं होतं, तेसुद्धा त्यांना पाठ असतं. काका कार्तिकात गेले. वर्ष भरत आलं तेव्हा वर्षश्राद्धाची तिथी काकूंच्या ध्यानीमनी होती. मुलगा यशदीप पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, मैं कर दूं क्या यहां से? पण नोंद सभासदाच्याच फोनवरून व्हायची, निरंजननं तसा बंदोबस्त केला होता, आणि काकूंनाही ते काम स्वतः करायचं होतं. “तुझ्या बाबाचं आहे,” त्या म्हणाल्या, “मी पाहतो.” आमच्याकडल्या बायका कधीकधी असं पुरुषासारखं ‘पाहतो’ म्हणतात.

नोंदणी खुली व्हायच्या आदल्या दिवशी त्या ई-रिक्षानं आमच्याकडे आल्या, तालीम करायला. म्हणाल्या, “निरंजनभाऊ, माह्या फोनवर तुमची साइट येतच नाही.”

निरंजननं त्यांचा फोन घेतला, आमच्या वायफायला जोडला, आणि साइट उघडली.

“आता पाहा, उघडलं का नाही?”

“उघडलं,” काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. मी समोर होते, मी पाहिला.

“मग? तुम्हीच काही भलतं दाबून राहिल्या असाल.” त्यानं त्यांना कुठं दाबायचं ते दाखवलं, परत दाखवलं, लहान मुलाला दाखवावं तसं. काकूंनी मान डोलावली. जाताना मला म्हणाल्या, “पद्मा, मले आताशा समजत नाही वाटते काही.” मी म्हटलं, काही तरीच. आणि आत जाऊन भाजी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फोनवर गोल फिरत राहिलं. त्यांनी निरंजनला फोन केला. तो ऑफिसला निघत होता, त्यानं लॅपटॉपवर पाहिलं. “माह्याकडे तर उघडते, काकू.” तो निघायच्या आत त्या पुन्हा रिक्षा करून आल्या. आमच्या बैठकीत बसून फोन जोडला तर साइट उघडली, आणि त्यांच्या तिथीवर भिलाईच्या एका कुटुंबाचं नाव लागलेलं होतं. काकू म्हणाल्या, तुम्ही लिहून घ्या ना हातानं, पहिलं वर्ष आहे. निरंजन म्हणाला, “काकू, नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल.” हे बोलताना तो उभा होता. त्याला फार बरं वाटत असावं, असं आता मला वाटतं.

यशदीप रजा काढून आला. शास्त्रीबुवा भिलाईला होते. शेजारच्या भल्या पंडितजींनी येऊन त्यांच्याकडच्या पद्धतीनं तर्पण करवलं. त्यांचा दोष नाही, त्यांनी मनापासून केलं. पण काकू ज्या मंत्रांची वाट पाहत होत्या, सासऱ्यांच्या वेळी ऐकलेल्या, ते आले नाहीत. पानावरची खीर थंड होऊन साय धरली तरी त्या पाटाजवळून हलल्या नाहीत. यशदीपनं ते पाहिलं आणि संध्याकाळी तो आमच्याकडे आला.

“अंकल, ये हुआ कैसे?”

आणि इथं माझ्या भावानं जे केलं ते साधं, रोजचं, आणि वाईट होतं. त्यानं यशदीपला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बेटा, साइट में कुछ नहीं है. काकू की अब उमर हो गई. यहीं बैठ के सिखाया मैंने, घर जाते तक भूल गईं. अकेले मत रखो उनको.”

त्यात त्याला वाईटपणा वाटला नाही. काळजीच वाटली. यशदीपनं मान हलवली. पोराला आईची जबाबदारी कळावी इतपतच बोललो, असं निरंजन नंतर जेवताना म्हणाला, आणि शर्मिष्ठानं त्याला आणखी एक पोळी वाढली.

फाल्गुनात काकूंचं घर आवरायला निघालं. यशदीपनं ठरवलं होतं, आई पुण्याला. घर भाड्यानं द्यायची बोलणी झाली, रेल्वेचं तिकीट झालं. काकूंनी भांडण केलं नाही. ज्या बाईनं आयुष्यात भाजीवाल्याला कधी घासाघीस केल्याशिवाय सोडलं नाही, ती म्हणाली, बरोबर आहे त्याचं, मी विसरून राहिली आजकाल. दूध उतू गेलं की म्हणायच्या, पाहा. किल्ली दुसऱ्या खिळ्याला अडकवली की म्हणायच्या, पाहा. भजनात एक कडवं मागंपुढं झालं तर वही मागितली. कुसुमकाकूंनी वही मागितली, तेव्हा आम्ही सगळ्या बायका खाली पाहत बसलो.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यांच्याकडे डबे भरायला गेले होते. पुढच्या महिन्यात आमच्या वडिलांची तिथी येत होती, म्हणून नोंदणीच्या वेळेला मी माझा फोन काढला. घरी माझ्याकडे साइट नेहमी उघडायची. माझं त्यात कधी अडलं नव्हतं. तिथं, काकूंच्या स्वयंपाकघरात, गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मग ते वाक्य आलं, सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही.

काकू माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. “अस्संच व्हायचं माह्या फोनवर,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “मले वाटे मी भलतं दाबून राहिली.”

मला राग येतो तेव्हा माझे कान गरम होतात. मी निरंजनला फोन लावला. त्याला सुट्टी होती, घरीच होता.

“साइट उघडत नाही.”

“माह्याकडे तर…”

“तुझ्याकडे उघडू दे. मी बूढापाऱ्यात उभी आहे. तीस वर्षं बँकेत नोकरी केली मी, मले बटण दाबता येते का नाही?”

काकूंना येत नाही हे त्यानं स्वतःला पटवलं होतं. मला येत नाही हे म्हणायची त्याची छाती नव्हती. मग म्हणाला, “थांब. फोन ठेवू नको.” मी अंगणात येऊन उभी राहिले. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

“माह्याकडे तुझा फोन पोचूनच नाही राहिला,” तो म्हणाला. “सर्व्हरपर्यंत येते अन…” टकटक झाली. “आता उघड.”

उघडलं. लगेच.

“उघडलं.”

पुन्हा टकटक. “आता?”

गोल. “नाही.”

“आता?”

“उघडलं. निरंजन, काय करून राहिला तू?”

टकटक थांबली. मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, “ताई, तू घरी ये. काकूले आत्ता काही सांगू नको.”

घरी तो टेबलाशी बसला होता आणि समोरचा चहा गार झाला होता. त्यानं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मागे कधीतरी बाहेरून कोणी यंत्रं लावून साइटवर धडका देत होतं. तेव्हा निरंजननं दारात एक पहारेकरी बसवला. माणूस नव्हे, नियम. इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून भराभर टकटक झाली की त्या पत्त्याला घटकाभर आत घ्यायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. बसवताना दोनदा तो स्वतःच बाहेर अडकला, म्हणून आमच्या घरचा पत्ता त्यानं नियमातून वगळला. आमच्या वायफायवर जो फोन येईल त्याला पहारेकरी कधीच अडवणार नव्हता. काकूंचा फोन आमच्या बैठकीत दर वेळी उघडत होता तो त्यामुळे. निरंजनच्या शिकवण्यामुळे नव्हे.

“अन बूढापाऱ्यात?” मी विचारलं.

“मोबाइलवाले शेकडो लोकांना एकाच पत्त्यावरून बाहेर सोडतात. अन आपले लोक तर सगळेच एका कंपनीत.”

ते मात्र मला ठाऊक होतं. काका गेले त्या सालच्या कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर आमचे एक सभासद श्रीपादराव, त्यांच्या जावयानं सिमकार्डाचं टेबल मांडलं होतं. आपली माणसं दूध प्यायला वर गेली आणि कंपनी बदलून खाली आली. एकानं घेतलं की सगळ्यांनी घ्यायचं ही आपली रीत, साडी असो की सिम. मीही घेतलं. पहिल्या तारखेला सकाळी, आणि आदल्या दिवशी तालमीलाही, सगळी घरं एकदम साइटवर तुटून पडायची, आणि निरंजनच्या पहारेकऱ्याला वाटायचं, एकच माणूस वेड्यासारखा दार बडवून राहिला आहे. तो दार लावून घ्यायचा. पहिल्या काही जणांचं काम व्हायचं, दुसऱ्या कंपनीवाल्यांचं व्हायचं, बाकीचे बाहेर.

“हे तुले माहीत नव्हतं?”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “पत्ता एक असतो हे माहीत होतं. नियम माहीत होता. दोन्ही एका जागी आणून पाहिले नाही. पाहायला काकूच्या घरी जा लागत होतं, अन मी गेलो नाही. तिलेच बोलावत राहिलो.” मग तो दोन्ही हातांनी कपाळ धरून बसला. “अन त्या पोट्ट्याले मी काय सांगितलं, ताई.”

नियम बदलायला त्याला फार वेळ लागला नाही. हे सगळ्यात जास्त टोचणारं. थोडी टकटक, आणि काम फत्ते. पुढच्या दोन दिवसांत मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. निरंजनभाऊ, साइट एकदम मक्खन. निरंजनभाऊ, काय जादू केली? श्रीपादरावांनी लिहिलं, अशी माणसं आहेत म्हणून मंडळ आहे. निरंजननं फोन उपडा करून ठेवला. शर्मिष्ठानं वाढलेलं तो चिवडत बसायचा. पानात खीर आली तेव्हा वाटी बाजूला सारून उठला. शर्मिष्ठानं मला विचारलं, यांना झालं काय? मी म्हटलं, अक्कल आली आहे, ती पचायला जड असते.

“जाऊन सांग,” मी त्याला म्हणत होते. रोज म्हणत होते. तो हव म्हणायचा आणि जायचा नाही. म्हणजे काकूंकडे जायचा, सांगायचा नाही. त्यांचा पंखा नीट करून आला. सामानाला दोऱ्या बांधून आला. टेम्पोवाल्याशी त्यांच्या वतीनं घासाघीस करून आला. अपराधी माणूस किती कामाचा असतो हे मी तेव्हा पाहिलं. शेवटी एक दिवस सदर बाजारातून काकूंसाठी नवा फोन घेऊन आला आणि मला म्हणाला, चल माह्यासंग. मी गेले. मला वाटलं, आज सांगेल.

काकूंनी डबी उघडली. फोन हातात घेऊन उलटसुलट केला. त्यांचे डोळे भरून आले.

“निरंजनभाऊ, एवढं काहून केलं? माह्यासारख्या बावळट बाईले काय करायचा नवा फोन? जुनाच समजला नाही मले. तुमचा किती वेळ खाल्ला मी. तुम्ही दोन दोनदा शिकवलं, अन माह्या डोक्यात राहिलं नाही. यांचं वर्षश्राद्ध माह्या हातानं चुकलं. रोज दिवा लावताना यांची माफी मागते मी.”

मी भावाकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. बांधलेल्या सामानाच्या मधोमध एकच खुर्ची राहिली होती, तिच्यावर काकू बसलेल्या. निरंजन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“काकू, तुम्ही चुकल्या नाही. मी चुकलो.”

“असू दे भाऊ. मशीनचं काय…”

“मशीन नाही, काकू. मी.” आणि त्यानं सांगितलं. पहारेकऱ्याचं सांगितलं, आमच्या घराला सवलत होती ते सांगितलं. काकूंना निम्मं कळलं असेल. पण बँकेच्या खिडकीशी बसून मी एक शिकले होते: माणसाला हिशेब कळत नसला तरी कोणी लबाडी केली ते बरोबर कळतं. त्या ऐकत गेल्या तशी त्यांची पाठ ताठ होत गेली.

“म्हणजे त्या दिवशी मी बरोबर दाबून राहिली होती?”

“हव काकू. बरोबरच.”

“दुसऱ्या दिवशीही?”

“तेव्हाही.”

“तुमच्या घरी उघडे ते तुम्ही शिकवलं म्हणून नाही?”

“नाही.”

काकूंनी फोन डबीत परत ठेवला आणि झाकण लावलं. मग म्हणाल्या, “अन दूध उतू जाते ते?”

मीच म्हटलं, “काकू, दूध तुमचं मी पाहते तेव्हापासून उतू जाते. काका म्हणत, हिच्या घरी रोजच रथसप्तमी.”

त्या हसल्या नाहीत. पण मान हलवली, जणू एक गोष्ट जागेवर बसली. “म्हणजे मले काही झालं नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग निरंजनला म्हणाल्या, “हे यशदीपले सांगा. आत्ता. माह्यासमोर.”

त्यांनी आपल्या जुन्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. निरंजन सांगत होता, अडखळत होता, पुन्हा सांगत होता. पलीकडे यशदीप ऐकत होता. सगळं संपल्यावर म्हणाला, “अंकल, पर आप ही ने तो बोला था कि मम्मी भूल जाती हैं.”

हे काकूंना माहीत नव्हतं. मुलाच्या मनात ते आपोआप आलं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी निरंजनकडे पाहिलं. तशी नजर कोणी माझ्याकडे टाकू नये.

“हां बेटा,” निरंजन म्हणाला. “मैंने ही बोला था.”

“मैंने मम्मी को डॉक्टर के पास ले जाने का टाइम लिया हुआ है. मकान की बात हो गई. मैंने उनको कितना सुनाया, अंकल.” पोराचा आवाज फुटला. “आपको एक बार आके देख लेना था.”

“हां बेटा.”

काकूंनी फोन घेतला. “यशदीप, तिकीट वापस कर. घराचं मी पाहतो. तू सुट्टीत ये, तेव्हा बोलू.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला. “नाही. रडू नको. मी बरी आहे. मी पहिलेही बरी होती.” आणि त्यांनी फोन बंद केला.

निरंजन अजून जमिनीवरच होता. म्हणाला, “काकू, शास्त्रीबुवांले घेऊन येतो मी. पुन्हा करू. सगळं मी करतो, तुम्ही म्हणाल तसं.”

“वर्ष एकदाच भरते, भाऊ,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पुढच्या साली होईल ते पुढच्या सालचं. पहिलं गेलं. ते तुमच्या हातानं गेलं, अन तुम्ही मले सांगितलं माह्या हातानं गेलं. मी इतके महिने यांची माफी मागत राहिली, ती कोणाच्या वाटची होती?”

काकूंनी डबी त्याच्या हातात दिली. मग मला म्हणाल्या, “पद्मा, ते वरचं गाठोडं सोड. त्यात माही कढई आहे.” मी गाठोडं सोडलं. एकेक डबा परत फळीवर लावला. त्यांनी निरंजनला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. बूढापाऱ्यात कोणाच्या घरी चहा न विचारता माणूस बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यानं ज्या दोऱ्या बांधल्या होत्या त्या सोडल्या आणि गुंडाळून ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा गल्लीत शाळेतून सुटलेल्या मुलांना नेणाऱ्या स्कूटर अडकल्या होत्या. निरंजननं आपली स्कूटर काढली, पण सुरू केली नाही.

“तिनं माफ नाही केलं, ताई.”

लहानपणापासून तो रडवेला झाला की मी त्याला काहीबाही सांगून गप्प करत आले. त्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही.

“नाही केलं,” मी म्हटलं.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “केलं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो.”

मी मागे बसले. त्यानं स्कूटर सुरू केली आणि आम्ही सदर बाजारच्या गर्दीतून हळूहळू घरी गेलो.